नंबराप्रमाणे प्याला

आमच्या ख्रिस्ती मंडळीत जातपात नव्हती. असं आम्हाला सांगितलेलं होतं आणि सोळा-सतरा वर्षांची होईपर्यंत मी ते खरं मानत होते. गाव शिरूरपासून पायी दोन तासांवर, घोडनदीच्या काठाला. नाव लिहीत नाही. त्या घरांतली नातवंडं अजून तिथं आहेत आणि लग्नाकार्यात मला भेटतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं, येशूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा घोट. प्याला एकच, पितळेचा, आतून कल्हई केलेला. पाळक तो हातात घेऊन माणसामाणसापुढं जायचे, आणि आधी कुणाला, नंतर कुणाला याचा नियम ठरलेला होता. ज्या घराचा बाप्तिस्मा आधी झाला त्या घराला प्याला आधी. यात जातीचा काही संबंध नाही, शाळेत हजेरी नंबराप्रमाणे घेतात तसंच हे, असं थोरले तात्या आम्हा पोरांना समजावून सांगायचे. ते माझ्या वडिलांचे मोठे भाऊ आणि मंडळीचे मुख्य पंच. पहिला नंबर आमच्या घराचा. देवळाच्या दारावर दगडात माझ्या आजोबांचं नाव कोरलेलं होतं आणि खाली 'या गावचे प्रथमफळ', म्हणजे गावातले पहिले ख्रिस्ती. शेवटचा नंबर ठकूमावशीचा. ती बाकावर बसायची नाही, मागं भिंतीला टेकून खाली बसायची. आम्ही मूळचे महार, ती मूळची मांग. पण ती शेवटी पिते ती उशिरा आली म्हणून, असं आम्ही म्हणायचो. तिचं घराणं कुठून तरी बाहेरून आलं, असंही कुणीतरी सांगितलेलं होतं. कुणी सांगितलं ते आठवत नाही. अशा गोष्टी कुणी सांगत नाही, त्या घरातल्या धुरासारख्या असतात.

माझे वडीलच पाळक. देवळाला लागून आमच्या दोन खोल्या, वर कौलं, पुढं कडुनिंब. घंटा नव्हती, रुळाचा एक हातभर तुकडा कडुनिंबाला टांगलेला होता. तो लोखंडी पहारीनं वाजवायचा, आणि त्याचा आवाज नदीपलीकडं जायचा. जेवणात बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, कधी सुकट. मटण नाताळात आणि ईस्टरला. पण प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी आमचं स्वयंपाकघर वेगळंच व्हायचं. वडील शिरूरच्या बाजारातून काळ्या मनुका आणायचे. आई त्या भिजत घालायची, मग हातानं कुस्करून, पाण्यात उकळून, धुवट फडक्यातून गाळून घ्यायची. घरभर गोड आंबूस वास. आमचा द्राक्षारस तो हाच. भाकर म्हणजे बिनमिठाची एक जाड चपाती, तिचे सुपारीएवढे तुकडे. तुकडे करायचं काम माझं. चुकून एक तोंडात टाकला तर आई हातावर उलथनं मारायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण सगळी गीतं पाठ होती आणि तबलजी चुकला तर ती गाता गाता त्याच्याकडं अशी बघायची की तो ताळ्यावर यायचा.

मी चौथी पास. पुढं शाळा गावात नव्हती आणि पाठवायला कुणी तयार नव्हतं. मला बायबलबाई व्हायचं होतं. बायबलबाई म्हणजे गावोगाव घराघरांत जाऊन बायकांना वाचून दाखवणारी. दौंडला त्यासाठी तीन महिन्यांचा वर्ग निघाला. ख्रिस्ती मंडळीचा इतिहास, उपासना आणि पुढारीपण असे तीन विषय. दौंडला माझा मामा इंजिनाच्या शेडमध्ये कामाला होता, म्हणून राहायची सोय झाली. शिरूरहून एसटीनं गेले. उतरले तेव्हा पहिल्यांदा इतकी माणसं एकदम पाहिली जी आमच्यासारखी बोलत नव्हती. रेल्वेच्या चाळीत एका बाजूला तमिळ कुटुंब, दुसऱ्या बाजूला गोव्याचं, पुढं गोऱ्या कातडीचे पण इथंच जन्मलेले ड्रायव्हर. सगळे ख्रिस्ती. मामीच्या दोरीवरच्या कपड्यांवर दिवसातून दोनदा कोळशाची काजळी बसायची आणि ती दिवसातून दोनदा शिव्या द्यायची. गोव्याच्या बाईकडून ती माशाची आमटी शिकली होती, तमिळ बाईकडून सांबार. बाजरीची भाकरी सांबारात कुस्करून खाल्ली ती तिथंच.

शिकवायला जॉयबाई होत्या. अगदी खाली दक्षिणेकडच्या, बारीक, काळ्यासावळ्या, पांढरं लुगडं. मराठी बोलायच्या पण 'माझा आई' म्हणायच्या, आम्ही नऊजणी पदरात तोंड घालून हसायचो. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आमचं हसू बंद केलं. त्या म्हणाल्या, आमच्याकडं मिशनचा गोरा साहेब यायच्या कैक शे वर्षं आधीपासून ख्रिस्ती लोक आहेत. आम्हाला वाटत होतं, हा धर्म साहेबानं नगरहून टांग्यात घालून आणला. एकीनं विचारलं, मग तुम्हाला कुणी बाटवलं? जॉयबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आम्ही आमचे आपणच. रविवारी त्या आम्हाला दौंडातल्या वेगवेगळ्या उपासना दाखवायला न्यायच्या. इंग्रजी उपासनेत आम्हाला अगदी मागच्या बाकावर बसवलं आणि कुणी वळून पाहिलं नाही. तमिळ बायका चटयांवर बसून, डोक्यात मोगरा, छाती फुटेस्तोवर गायच्या. रोमी, म्हणजे कॅथलिक, देवळात ऊद जळत होता, मूर्तीपुढं मेणबत्त्या होत्या. आमच्यात मूर्ती चालत नाहीत; मला वाटलं, वडिलांना कळलं तर वर्ग बंद. परत येताना मी जॉयबाईंना म्हटलं, इंग्रजीवाले आपल्याला मागं बसवतात, तुमच्याकडं असं नसेल. त्या चालत्या थांबल्या. म्हणाल्या, "आमच्या गावात एका रस्त्यावर दोन चर्च आहेत. एक आमचं. एक आमच्या शेतावर राबणाऱ्यांचं. त्यांना आम्हीच बाप्तिस्मा दिला." आणि पुढं चालू लागल्या. इतकी शिकलेली बाई स्वतःच्या घरचं असं उघडं कसं टाकते, याचाच मला जास्त धक्का बसला.

माझी नात आता पुण्यात धर्मशास्त्र शिकते. तिच्या जाडजूड पुस्तकात देशोदेशीच्या मंडळ्या, त्यांच्या उपासना, त्यांच्या पुढारी बाया, सगळं आहे. तिनंच माझ्यामागं लकडा लावला, आजी लिही. तिच्या पुस्तकात आमचं गाव नाही. नाही तेच बरं.

वर्गाच्या मध्ये आठ दिवस सुट्टी होती. जॉयबाईंनी काम दिलं: आपापल्या मंडळीचा इतिहास लिहून आणा. आधी गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, मग बाप्तिस्म्याचं रजिस्टर बघा, मग लिहा. मला सोपं वाटलं. आमच्या आजोबांचा इतिहास तर दगडावरच होता. पण सगळ्यात म्हातारं माणूस म्हणजे ठकूमावशी. तिच्या वयाचं दुसरं कुणी उरलं नव्हतं. मी तिच्या झोपडीकडं गेले. ती दारात शिंदीच्या पानांच्या केरसुण्या बांधत बसली होती. पायाच्या अंगठ्यात दोरी अडकवून ओढायची, दातांनी गाठ मारायची. मी उभ्यानंच वही काढली आणि विचारलं, मावशी, तुमचा बाप्तिस्मा कधी झाला, आमच्या आजोबांनंतर किती वर्षांनी.

ती हसली. दात तीन-चारच होते. म्हणाली, "नंतर? पोरी, तुझा आजा पान्यात उतरला तवा म्या काठावर उभी हुते. माझं दीड वरीस आधीच झालं हुतं. माझ्या आयचं, माझं आन् माझ्या भावाचं."

मी म्हटलं, मावशी, तुमची काहीतरी गफलत होतेय. ती केरसुणी खाली ठेवून सांगायला लागली, आणि जे सांगितलं ते असं. तिची आई गजरा आजारी पडून नगरच्या मिशनच्या दवाखान्यात गेली, तिथं ऐकून आली आणि इथं तिनंच पहिली प्रार्थना घेतली, मांगवाड्यात, स्वतःच्या झोपडीत. महारवाड्यातून माझे आजोबा ऐकायला यायचे, पण आत यायचे नाहीत, बाहेर दगडावर बसायचे. पुढं त्यांनी साहेबाकडं बाप्तिस्मा मागितला. थंडीचे दिवस होते. नदीतून बाहेर आले तेव्हा दात वाजत होते. गजरानं स्वतःच्या अंगावरचं घोंगडं पुढं केलं.

"त्यानं घेतलं न्हाई," ठकूमावशी म्हणाली. "वल्ल्या अंगानं घरापत्तुर गेला. माझी आय म्हनली, असू दे, आज पहिलाच दिस हाय त्याचा."

मी वही मिटली. घरी आले. आजोबांचा फोटो आमच्या भिंतीवर होता, पागोटं घातलेला, आणि रोज जेवणाआधी आम्ही त्याच्याखाली प्रार्थना करायचो. बाप्तिस्म्याचं पाणी अंगावर ओलं असताना त्या माणसानं घोंगडं नाकारलं, हे मला पटेना. म्हातारीला भ्रम झाला असणार. रजिस्टर वडिलांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, कागदपत्रांच्या तळाशी असायचं. वडील शेजारच्या वस्तीवर गेले होते. मी ट्रंक उघडली. पहिल्या पानावर साहेबाचं गोल, मोठं बाळबोध अक्षर. नंबर एक गजरा. नंबर दोन ठकू, तिची मुलगी, वय वर्षे आठ. नंबर तीन तिचा भाऊ. नंबर चार माझे आजोबा. आणि प्रत्येकाच्या नावापुढं एक रकाना होता, त्यात जात लिहिली होती.

वडील आले तेव्हा मी तिथंच बसलेली होते, पान उघडं. मला वाटलं ते दचकतील. त्यांनी चपला काढल्या, पाणी पिऊन घेतलं आणि म्हणाले, "मला ठाऊक आहे."

त्या पानानं हादरले नव्हते इतकी त्या तीन शब्दांनी मी हादरले. पाळक झाले त्याच दिवशी त्यांनी ते वाचलं होतं. आजोबांनीच मरताना सांगितलं होतं, पहिलं पान उघडत जाऊ नकोस. बारा वर्षं माझे वडील महिन्यामहिन्याला तो प्याला हातात घेऊन, नियमाचं नाव घेऊन, आधी स्वतःच्या भावाकडं जात होते. मी म्हटलं, मी हे लिहिणार आणि दौंडला वाचणार. ते म्हणाले, लिही, पण ठकूच्या ओठाला लागलेला प्याला या गावात कुणी घेणार नाही. महारवाड्यातली निम्मी घरं नुकतीच बौद्ध झालीत. ती आपल्या लोकांना टोमणे मारतात, तुम्ही साठ वर्षांपूर्वी सुटलात म्हणता, मग काय सुटलात ते दाखवा. चौदा घरं उरलीत. ती मोडली तर मंडळी गेली. हे सगळं ते शांतपणे बोलले. ते खोटं नव्हतं, म्हणूनच मला जास्त चीड आली.

आई चुलीपाशी होती. तिनं मान न वळवता सांगितलं, "रजिस्टर खोटं आसंल तर चुलीत घाला, हितं इस्तू हाय. खरं आसंल तर देवळात वाचा. ट्रंकेत कशापायी ठेवलंय?"

वडील त्या दिवशी जेवले नाहीत. शनिवारी आईनं नेहमीसारख्या मनुका कुस्करल्या, मी चपातीचे तुकडे केले. काय होणार ते आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं.

रविवारी उपदेश झाला नाही. वडील रजिस्टर घेऊन उभे राहिले आणि पहिली चार नावं वाचली, नंबरासकट. जात वाचली नाही. मग म्हणाले, आपला नियम नंबराचा आहे, मी तो आजवर चुकीचा पाळला, आजपासून बरोबर पाळणार. आणि प्याला घेऊन बाकांच्या मधून सरळ मागच्या भिंतीकडं गेले. ठकूमावशी उठून उभी राहिली. म्हणाली, पाळकसाहेब, ऱ्हाऊ द्या. वडील हलले नाहीत. मग तिनं दोन्ही हातांनी प्याला धरला, डोळे मिटले आणि प्याली. तिचा घोट पुढच्या बाकापर्यंत ऐकू आला.

वडील वळले ते थोरल्या तात्यांकडं, कारण आता नंबर आमच्या घराचा. तात्या उठले. मला वाटलं मानानं उभे राहिले. त्यांनी टोपी घातली, काकूला नुसती मान हलवून खूण केली आणि दाराबाहेर गेले. त्यांच्यामागं मुलं, सुना. मग दुसरं घर, तिसरं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. ज्यांनी मला गीतं शिकवली, ज्यांच्या ओट्यावर मी लहानाची मोठी झाले, ती माणसं चपला शोधून पायात घालत होती. तबलजी तबला तिथंच टाकून गेला. चौदातली अकरा घरं गेली. मला त्या माणसांचा तिटकारा आला.

मग वडील आमच्याकडं आले. आई प्याली. जोरात, आवाज करून, जणू दाराबाहेरच्यांना ऐकवायला. मग प्याला माझ्या हातात दिला.

आता जे लिहिते ते मी आजवर नवऱ्यालाही सांगितलं नाही. माझ्या हातानं पदराचं टोक धरलं आणि प्याल्याची कड पुसली. मी ठरवून केलं नाही. विचार केला असता तर केलंच नसतं. आईनं माझ्यादेखत त्याच कडेला तोंड लावलं होतं, आणि तिच्या ओठाचं मला काहीच नव्हतं. पुसून झाल्यावर मी प्याला थोडा फिरवून घेतला आणि प्याले. वर बघितलं तर वडील माझ्याकडं बघत होते, आणि त्यांच्या खांद्यावरून मागं ठकूमावशी. रजिस्टर मी उघडलं होतं. गेलेल्या अकरा घरांना मनातून शिव्या मीच देत होते.

आता आमच्याकडं बोटभर प्लास्टिकच्या कपांत द्राक्षारस मिळतो, ज्याचा त्याला. रांजणगावच्या कंपन्यांत कामाला जाणारी पोरं म्हणतात, आजी, हे स्वच्छ. स्वच्छ आहेच. कुणाला कुणामागून प्यावं लागत नाही.

मी दौंडला परत गेले आणि इतिहास वाचून दाखवला. गजराबाई, घोंगडं, रजिस्टर, उठून गेलेली घरं, सगळं. वर्गातल्या बायका रडल्या. जॉयबाईंनी माझी वही जपून ठेवायला मागितली. म्हणाल्या, तू हिंमतीची आहेस. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, लाजले.

वर्ग संपवून गावी आले तो महिन्याचा पहिला रविवार होता. देवळात तीनच घरं. वडील प्याला घेऊन मागं गेले. ठकूमावशीनं कमरेचं पटकूर सोडलं आणि आतून एक लहानशी जर्मनची, ॲल्युमिनियमची, वाटी काढली, घासून लख्ख केलेली. ती पुढं धरून म्हणाली, "ह्यात वता, पाळकसाहेब." वडील म्हणाले, नाही, प्यालाच घ्या. ती वाटी धरून तशीच उभी राहिली. शेवटी वडिलांनी ओतलं.

उपासना सुटल्यावर मी तिच्यामागं पळत गेले. म्हटलं, मावशी, वाटी आणू नका, मी चुकले. ती थांबली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"तुझा तात्या उठून गेला त्याचं मला काय न्हाई वाटलं," ती म्हणाली. "त्यो जानारच हुता. पर तू पदरानं कड पुसलीस, तवा म्हनलं, आता हिच्या म्होरं प्याला नगं धराया. आता वाटी हाय, समद्यांचं भागतंय. जा घरी, आय वाट बघत आसंल."

वाटीची बातमी गावात दोन दिवसांत फिरली. पुढच्या महिन्यात पाच घरं परत आली, त्याच्या पुढच्या महिन्यात तात्या आले, टोपी काढून पहिल्या बाकावर बसले. जाताना मला म्हणाले, शहाणी आहे म्हातारी. मी 'व्हय तात्या' म्हटलं. नाताळाला चौदाच्या चौदा घरं हजर होती. आईनं नेहमीच्या दुप्पट मनुका भिजवल्या, तबलजीही आला. वडिलांनी आधी ठकूमावशीच्या वाटीत ओतलं, कारण तिचा नंबर पहिला, मग प्याला आमच्या घराला दिला आणि पुढं नंबराप्रमाणे. एकही माणूस उठलं नाही.